फॉर्मिक म्हणजे मुंगी

इंटर सायन्सला असताना मी आमच्या रसायनाच्या प्रोफेसरांना एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळालं नाही, याचा राग माझ्या मनातून पुरता कधी गेलाच नाही. प्रश्न साधा होता. फॉर्मिक ॲसिडला फॉर्मिक का म्हणतात? वर्गात आम्ही दोनच मुली, पहिल्या बाकावर, मान खाली घालून लिहून घेणाऱ्या. प्रोफेसर फळ्यावर सूत्र लिहीत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नावाला काय अर्थ असायचा? नाव ते नाव. परीक्षेत विचारत नाहीत." मागच्या बाकांवरची मुलं हसली. मी इतकी भांबावले होते की 'परीक्षेत विचारत नाहीत' हेही वहीत लिहून घेतलं.

मग मीच शोधायचं ठरवलं. कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी कोश होता. मुलींनी कपाटापर्यंत जायचं नाही, चिठ्ठी लिहून द्यायची, असा नियम. तीन वेळा चिठ्ठी दिली आणि तीन वेळा भलतंच पुस्तक हातात आलं. चौथ्या वेळी कोश मिळाला आणि त्यात सगळं होतं. फॉर्मिका हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ मुंगी. फार वर्षांपूर्वी तिकडच्या कुणीतरी ढीगभर मुंग्या गोळा केल्या, भट्टीवर शिजवून त्यांचा अर्क काढला, तर आंबट, झोंबणारं पाणी मिळालं. मुंगीचं म्हणून त्याचं नाव फॉर्मिक. मुंगी चावल्यावर आपली जी आग होते, तिच्या मागेही हेच ॲसिड असतं. मला ते वाचून हसू आलं आणि रडूही आलं. दोन वर्षं आम्ही ते नाव घोकत होतो आणि कुणी एका ओळीत सांगू नये, की बायांनो, ही आपली मुंगी आहे!

इंटर पास झाले आणि लग्न झालं. पुढचं शिक्षण बंद. सासर कर्जतचं. यजमान खालापूरच्या कचेरीत कारकून होते, सोमवारी सायकलवर टांग टाकून जायचे ते शनिवारीच परत यायचे. मामंजी दिवसभर ओसरीवर बसून वर्तमानपत्रातलं युद्ध वाचायचे. घरात बोलायला म्हणाल तर मी आणि सासूबाई. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या फार बोलायच्याही नाहीत. स्वभावानं चांगल्या, पण आपलं काम आणि आपले देव, एवढ्यातच असायच्या.

दोन वर्षांत माझ्या हातातली विद्या कशी गेली म्हणून सांगू! खाण्याचा सोडा घालताना सूत्र आठवायचं, चुन्याची निवळी काढताना सूत्र आठवायचं, आणि ते ऐकायला कुणी नसायचं. यजमानांना सांगितलं तर म्हणायचे, "बरं, पण भजी खुसखुशीत झाली आहेत." तेव्हा मी हसायचे. आतून मात्र चरफडायचे.

अशात गावच्या हायस्कुलातले सायन्सचे मास्तर नोकरी सोडून गेले. लढाईच्या कारखान्यात माणसं हवी होती आणि तिथं बी.एस्सी. माणसाला मान होता. शाळेत सायन्स शिकवायला कुणी उरलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर इंग्रजी सहावीची मुलं रसायनाच्या तासाला बाहेर लगोरी खेळायला लागली. मी यजमानांच्या मागे लागले. अर्ज लिहिला. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भातगिरणीचे मालक, आमच्या घराशी जुने संबंध असलेले. सासूबाईंना वहिनी म्हणायचे. त्यांनी निरोप पाठवला: "सूनबाईंनी एक पाठ घेऊन दाखवावा. आम्ही तिघं-चौघं मागे बसून बघू. जमलं तर वर्षअखेरपर्यंत तुमच्याकडेच."

मला ती नोकरी हवी होती. सरळ सांगते, दुसऱ्या कशासाठी नाही, मला शिकवायचं होतं. जे मला कुणी सांगितलं नाही, ते मला कुणाला तरी सांगायचं होतं. इतकी हाव मला आयुष्यात दुसऱ्या कशाची सुटली नाही.

पाठ कुठला घ्यायचा, याचा विचारच करावा लागला नाही. फॉर्मिक ॲसिड. नुसतं तोंडी नाही, समोर करून दाखवायचं. शाळेत लिटमसचा कागद म्हणाल तर एक तुकडा नव्हता, मास्तर जाताना असलेले संपवून गेले होते. पण आमच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल होता. त्याच्या निळ्या फुलावर लिंबू पिळलं की फूल तांबूस-जांभळं होतं, हे मी भांडी घासताना कधीतरी पाहून ठेवलं होतं. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या असतात, त्यांच्यात हे ॲसिड भरपूर. घरट्यात निळं फूल धरलं की मुंग्या चिडून त्यावर आंबट पाणी सोडणार आणि फुलावर तांबूस ठिपके उठणार. म्हणजे नाव, नावाचा अर्थ आणि गुण, तिन्ही एकाच फुलावर. मी स्वतःवरच खूश होते.

ठाकुरवाडीहून एक बाई दर दोन दिवसांनी आमच्याकडे मोळी टाकायची. तिला सांगितलं, तांबड्या मुंग्यांचं घरटं हवं, पानांसकट, मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून.

"त्या डसनाऱ्या मुंग्या कशाला गं बाय तुला?" तिनं विचारलं. "चटनी करतेस काय?"

"शाळेत न्यायच्या आहेत. त्यांच्या अंगात आंबट पाणी असतं ना, ते पोरांना दाखवायचंय."

"हां! आमी सर्दीला चुरडून हुंगतो. नाकात कसं झनझन जातं." ती हसली. "येवढं सांगायला शाला लागते व्हय तुमाला?"

मला तिच्या बोलण्याचा इतका आनंद झाला की तिला चहा दिला. प्रोफेसरांना जे सांगता आलं नव्हतं, ते या बाईच्या नाकाला ठाऊक होतं.

आठ दिवस मी स्वयंपाकघरात पाठाची तालीम केली. सासूबाई समोर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मी भाकरी थापता थापता बोलायचे. मुलांनो, ही कोण? मुंगी. लॅटिन नावाची एक जुनी भाषा आहे, तिच्यात हिला फॉर्मिका म्हणतात. मध्येच अडले की पहिल्यापासून सुरू करायचे. सासूबाई मधूनच "हं" म्हणायच्या. मला वाटायचं, तांदळातला खडा सापडला म्हणून हं. कारण त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी मोळीवालीनं मडकं आणून दिलं. आत घरटं, घरट्यात शेकड्यांनी मुंग्या, फडक्यावर कान ठेवला तर बारीक सळसळ ऐकू येत होती. मी ते परसात तुळशीमागे सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला देवापुढे बसवलं, कुंकू लावलं, हातावर दही घातलं. दह्यात साखर नव्हती. साखर रेशनवर मिळायची, महिनाअखेर होती, संपली असेल म्हणून मी काही विचारलं नाही. दही चाटलं, पाया पडले, मडकं उचललं. फडकं सोडून आत बघायचं धाडस मात्र केलं नाही, मुंग्या सुटल्या असत्या तर घरभर झाल्या असत्या. आज वाटतं, झाल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्ग गच्च भरला होता. इतर वर्गांतली मुलंही खिडक्यांना लोंबकळत होती, कारण बाई शिकवणार होती आणि मडकं घेऊन आली होती. मागे चार खुर्च्या, त्यांतल्या एकीत अध्यक्ष. पहिली दहा मिनिटं माझी जीभ अशी चालली की मला स्वतःचंच नवल वाटलं. फळ्यावर नाव लिहिलं. नावामागे मुंगी आहे, म्हटल्यावर मुलं पुढे सरसावली. मुंगी चावल्यावर काय होतं, असं विचारलं तर अर्ध्या वर्गाला आपापले चावे आठवले. मग मी गोकर्णीचं फूल चिमटीत धरलं, फडकं एका बाजूनं सैल केलं आणि फूल आत सोडलं.

"आता बघा हं," मी म्हटलं.

वीस आकडे मोजून फूल बाहेर काढलं. निळं ते निळंच. त्यावर दोन काळ्या मुंग्या निवांत फिरत होत्या.

मला काही उमजेना. दुसरं फूल घातलं. तिसरं घातलं. मग फडकं पुरतं सोडून आत पाहिलं. घरटं नव्हतं, आंब्याची पानं नव्हती, तांबडी मुंगी औषधालासुद्धा नव्हती. मडक्याच्या तळाशी पांढरी साखर होती आणि तिच्यावर बारीक काळ्या मुंग्यांची जत्रा भरली होती. पुढच्या बाकावरच्या एका मुलानं मान लांब करून आत पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "बाई, या मुंग्या डसत नाय. या देवाच्या हायेत." वर्ग खो खो हसला. मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरी महिनाभर साखर नाही, आणि इथं मुंग्या चैन करताहेत!" त्यावर तर खिडक्यासुद्धा हसल्या.

मी तोंडी सांगू लागले. मुंग्या बदलल्या आहेत, तांबड्या असत्या तर ठिपके उठले असते, वगैरे. माझा आवाज चिरकला. जी मुलं दहा मिनिटांपूर्वी तोंड उघडं टाकून ऐकत होती, ती एकमेकांना चिमटे काढत होती. पाठ संपल्यावर अध्यक्ष गोड बोलले. "सूनबाई, सांगता छान. पण सायन्स म्हणजे करून दाखवणं. फूल काही बदललं नाही. असो. पाहू." या 'पाहू'चा अर्थ न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते.

घरी आले ती तणतणत आले. सासूबाई परसदारी वाळवण राखत बसल्या होत्या. मी मडकं त्यांच्यापुढे आदळलं. "यात काय केलंत तुम्ही?"

त्या आधी हसल्याच. त्यांना वाटलं, मी आनंदानं विचारते आहे. मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, "अगं, तांबड्या मुंग्या घेऊन शुभकार्याला कुणी निघतं का? घरात तांबड्या निघाल्या तर आपण इडापिडा म्हणतो. काळी मुंगी लक्ष्मीची. मी पहाटे उठून त्या तांबड्या लांब कुंपणापलीकडे सोडून आले. तुळशीपाशी काळ्यांची रांग होती, तिथं मडक्यात साखर घालून ठेवली. आपल्या पायांनी आल्या बघ. तुला मुंग्या दाखवायच्या होत्या ना? मग दाखवायच्या तर चांगल्या दाखवाव्यात."

दह्यातली साखर कुठे गेली, ते तेव्हा कळलं. त्यांच्या वाटणीची सगळी साखर होती ती. पण मला कळवळा आला नाही, खोटं कशाला सांगू? मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. मी ओरडले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? कशाला हात लावता मग?"

सासूबाईंना वर तोंड करून मी त्याआधी कधी बोलले नव्हते. ओसरीवरून मामंजी खाकरले. सासूबाई उठल्या. वाळवण गोळा केलं आणि आत गेल्या. शनिवारी यजमान आले, त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ दे ना. तुला कुठं नोकरीवाचून अडलंय?" मी भिंतीकडे तोंड करून निजले.

तीन-चार दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं होतं. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई मला न सांगता कुठेशी गेल्या. देवळात गेल्या असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. उन्हं कलली तेव्हा परत आल्या. उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली होती, त्यांवर चुना फासला होता. डाव्या हातात मिटलेल्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी मूठ उघडली. सुकत आलेलं गोकर्णीचं फूल होतं, त्यावर तांबूस ठिपके.

"गिरणीवाल्या भावजींकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "मोळीवालीकडून घरटं आणवलं. तांबड्या."

मी पाटावर बसले. त्या सांगत होत्या. अध्यक्षांच्या ओसरीवर त्यांनी मडकं मांडलं. अध्यक्षांची बायको, आई, गिरणीतली दोन माणसं, सगळी जमली. सासूबाईंनी फूल धरलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलल्या, ते मला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं. ही कोण? मुंगी. लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे, तिच्यात हिला फॉर्मिका म्हणतात. तिकडच्या एकानं मुंग्या भट्टीवर शिजवल्या, त्यांचा अर्क काढला, तो आंबट निघाला, म्हणून त्याचं नाव फॉर्मिक ॲसिड. मी जिथं थांबायचे तिथं त्या थांबल्या, जिथं आवाज चढवायचे तिथं त्यांनी चढवला. एक शब्द चुकला नाही. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिनं लॅटिन भाषेचं नाव घेतलं, आणि तेही अदबीनं.

"फुलावर ठिपके उठले तेव्हा त्यांच्या आईनं हात जोडले गं," त्या म्हणाल्या. "मग मी भावजींना म्हटलं, चूक माझी होती, सुनेची नाही. तिचा पाठ खरा आहे. हा बघा, डोळ्यांनी बघा."

"मग? काय म्हणाले?" मी विचारलं.

सासूबाई थोडा वेळ बोटांवरचा चुना खरवडत राहिल्या. "हसले. म्हणाले, वहिनी, कमाल केलीत. चुलीपुढं बसून तुम्हाला आलं, म्हणजे त्यात अवघड ते काय! त्याला वेगळी मास्तरीण कशाला? ड्रॉइंगचे मास्तर मोकळेच असतात, त्यांना सांगतो, पुस्तक बघून घेतील शिकवून. तुमचं तेवढं फूल ठेवून जा म्हणाले, मास्तरांना दाखवायला." त्यांनी फुलाकडे पाहिलं. "मी नाही दिलं."

मला शिकवता येतं, याचा याहून मोठा पुरावा कुणी द्यायचा? आणि नेमका तोच पुढे करून अध्यक्षांनी मला बाहेर ठेवलं. त्या चौघा पुरुषांचा, ड्रॉइंगच्या मास्तरांचा, यजमानांचा, सगळ्यांचा मला राग आला, आणि त्यातलं एकही माणूस समोर नव्हतं.

समोर सासूबाई होत्या. सुजलेला हात मांडीवर घेऊन त्या माझ्याकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी तुला विचारणारच होते. बाकीच्या नावांचंही असंच असतं का गं? दुसरी कुठली कुठली आहेत? मला सांगशील?"

"आता काय करायचंय त्याचं?" मी म्हटलं आणि दिवाबत्तीला उठून गेले.

त्यानंतर आम्ही एका घरात पुष्कळ वर्षं राहिलो, चांगल्या राहिलो. पण त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन कधी सांगितलं नाही.